मेडिकेअर आणि बहुमूल्य औषधे : सल्लागाराच्या कार्याचे स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा १९६५ साली झाला. तथापि औषधालयातून घरी न्यावयाच्या औषधांचा त्यात सामान्यतः अंतर्भाव नव्हता. ही उणीव २००३ च्या कायद्याने दूर झाली व १ जानेवारी २००६ पासून 'भाग डी' अमलात आला. हा विमा सरकार स्वतः चालवीत नाही. खासगी कंपन्या सरकारी नियमांच्या चौकटीत तो चालवितात आणि प्रत्येक योजनेची मान्य औषधांची यादी निराळी असते. प्रस्तुत विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या निराळेपणात आहे.

सल्लागाराने प्रथम विचारावयाचे ते औषधाचे मूल्य नव्हे, तर ते कोणत्या भागात मोडते हे. मल्टिपल मायलोमा या एकाच रोगावर दवाखान्यात टोचले जाणारे बोर्टेझोमिब 'भाग बी'त येते, तर घरी घ्यावयाच्या लेनालिडोमाइडच्या गोळ्या 'भाग डी'त. मूळ मेडिकेअरच्या 'भाग बी'त रुग्णास साधारणतः २० टक्के खर्च सोसावा लागतो व त्यास वार्षिक मर्यादा नाही. तेथे पूरक विमाच उपयोगी पडतो.

'भाग डी'त मात्र २०२२ च्या कायद्याने मोठे स्थित्यंतर घडविले. २०२३ पर्यंत खर्चाच्या अंतिम टप्प्यातही रुग्णास ५ टक्के भरावे लागत. औषध महिना १०,००० डॉलरचे आहे असे समजल्यास दरमहा ५०० डॉलर, आणि त्यास अंत नाही. २०२५ पासून रुग्णाच्या वार्षिक खर्चास २,००० डॉलरची मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० आहे. परंतु ही मर्यादा योजनेने मान्य केलेल्या औषधांनाच लागू पडते. यादीबाहेरच्या औषधावर कितीही खर्च केला तरी तो हिशेबात धरला जात नाही. शिवाय अंतिम टप्प्यात कंपनीचा वाटा पूर्वी १५ टक्के होता, तो आता ६० टक्के झाला आहे. साहजिकच पूर्वसंमतीच्या अटी व 'आधी स्वस्त औषध वापरून पाहा' हा दंडक कडक करण्यात कंपनीचे हित आहे. आमच्या मते प्रश्न 'परवडेल काय' येथून 'मान्य होईल काय' येथे सरकला आहे.

कर्करोगाच्या रुग्णास येथे थोडे संरक्षण आहे. कारण कर्करोग, एच.आय.व्ही., अपस्मार इत्यादींवरील सहा वर्गांतील जवळजवळ सर्व औषधे यादीत ठेवणे बंधनकारक आहे. संधिवाताच्या रुग्णास ते नाही. नकार आल्यास अपवादासाठी अर्ज करता येतो. डॉक्टरचे समर्थनपत्र पोहोचल्यापासून ७२ तासांत, तातडीच्या प्रसंगी २४ तासांत, निर्णय द्यावा लागतो. त्यापुढे अपिलाच्या पाच पायऱ्या आहेत. अपवाद मंजूर झालेले औषध वार्षिक मर्यादेच्या हिशेबात येते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. अर्जाचे यश बव्हंशी पत्रावर अवलंबून असते : पूर्वी कोणती औषधे दिली, ती का निरुपयोगी वा अपायकारक ठरली, हे तारखांसह हवे. 'रुग्णास आवश्यक' एवढेच लिहिलेले पत्र व्यर्थ होय. मात्र 'स्पेशॅलिटी' श्रेणीतील औषध खालच्या, स्वस्त श्रेणीत लावा, ही मागणी योजना सामान्यतः अमान्य करू शकते. तेथे श्रम दवडू नयेत.

अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीने 'एक्स्ट्रा हेल्प'साठी अर्ज करावा. २०२४ पासून संघीय दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न व मर्यादित मत्ता असलेल्यांस ही सवलत पूर्णांशाने मिळते. उत्पादकांच्या सवलत-कूपनांची जाहिरात सर्वत्र दिसते. परंतु लाचविरोधी कायद्यामुळे मेडिकेअरबरोबर ती चालत नाहीत. स्वतंत्र धर्मादाय निधींचे साहाय्य मात्र चालते. ज्यास जानेवारीतच संपूर्ण मर्यादा एकदम भरावी लागेल, त्यास ती वर्षभर विभागून, म्हणजे २०२६ च्या हिशेबाने सरासरी १७५ डॉलर दरमहा, भरण्याची सोय आहे. तिची नोंदणी मागावी लागते, आणि ती वर्षारंभीच केलेली बरी.

मुलांकडे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांनाही, कायम वास्तव्याची सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, हीच वाट चालावी लागते. प्रत्येक संस्थानात यासाठी विनामूल्य सल्लाकेंद्रे आहेत. योजना बदलण्याची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर अशी असते. पुढील वर्षाची यादी त्याच सुमारास प्रसिद्ध होत असल्याने गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबून निवड करू नये.