श्रीगणेश विसर्जन आणि समुद्राची भरती-ओहोटी

भाद्रपद मासी श्रींच्या विसर्जनासाठी गोव्याच्या किनाऱ्यांवर भाविकांची मोठी गर्दी होते. विसर्जनाचा मुहूर्त आपण पंचांगात पाहतो. त्याच पंचांगातील तिथीवरून समुद्राची स्थितीही जाणता येते, हे मात्र आता फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्यांचे आकर्षण एका रेषेत येते व उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आगेमागे ती सौम्य असते. तिला भांगाची भरती म्हणतात. भरतीची वेळ दररोज सुमारे दोन घटिका, म्हणजे ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. यावरूनच कोकणातील जुन्या मंडळींचा हिशेब आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. दुसरी भरती साडेबारा तासांच्या अंतराने व ओहोटी मधोमध. हा हिशेब मुंबईकडे बराच जुळतो. गोव्यात भरती त्याच्या थोडी आधी येते.

आता दीड दिवसाच्या गणपतीचे पाहू. पंचमीस भरती दुपारी पावणेचारच्या आत पूर्ण होते, म्हणजे सायंकाळी पाणी उतरत असते व आत ओढते. अनंत चतुर्दशीस याच्या उलट. दुपारी चारच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणून दूरवर वाळू उघडी पडलेली दिसते. आणि मिरवणूक किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत तेच पाणी उधाणाच्या जोराने चढू लागलेले असते. मूर्ती घेऊन खडकांपलीकडे गेलेल्यांची परतीची वाट अशा वेळी बुडते.

भरतीहूनही फसवा असतो तो परतीचा प्रवाह. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी वाळूच्या दांड्यांमधील खोलगट वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. तेथे लाटा फुटत नाहीत, त्यामुळे ती जागा शांत भासते आणि माणूस नेमका तेथेच उतरतो. या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, त्याने केवळ शक्ती जाते. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. पोहता येत नसल्यास तरंगत राहून हात उंच करावा.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो अशी आपली श्रद्धा आहे. वारे ओसरू लागतात हे खरे, तथापि भाद्रपदात पावसाळा संपलेला नसतो. शिवाय वादळ दूर असले तरी लाटा पोहोचतात. २०१७ साली ३ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या पौर्णिमेस, ओखी चक्रीवादळ गोव्यापासून बरेच दूर होते. तरीही लाटा व उधाण एकत्र येऊन किनाऱ्यांवर पाणी चढले. अशा उंच लाटांचे इशारे हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देत असते. निघण्यापूर्वी ते अवश्य पाहावेत.

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत. लाल बावटा असेल तेथे पाण्यात उतरू नये. मनोऱ्यांवरील पहारा अंधार पडेपर्यंत नसतो, म्हणून विसर्जन दिवसाउजेडी आटोपावे. लहान मुलांना आरतीच्या जागीच ठेवावे आणि मूर्ती पोहणाऱ्या दोघातिघांनीच गुडघाभर पाण्यात न्यावी.