बाळाचं नाव 'अथर्व' ठेवताय? हे गणपतीचं नाव की ऋषींचं, जाणून घ्या खरा अर्थ

बारशाची तारीख ठरली की घरोघरी मोबाइलवर नावांची शोधाशोध सुरू होते. 'अ' अक्षर आलं की 'अथर्व' हमखास पुढे येतं. ऑनलाइन याद्यांत मात्र या नावाचा अर्थ कुठे 'गणपती', तर कुठे 'पहिला वेद' असा दिलेला असतो. मग खरं काय?

मूळ नाव ऋषींचं

अथर्वा हे प्राचीन ऋषी. त्यांनी मंथन करून अग्नी प्रकट केल्याचा उल्लेख ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात आहे. मुंडकोपनिषदानुसार ते ब्रह्मदेवाचे थोरले पुत्र, आणि ब्रह्मविद्या सर्वांत आधी त्यांनाच मिळाली. वज्रासाठी स्वतःची हाडं देणारे दधीची हे त्यांचेच पुत्र मानले जातात. 'थर्व' म्हणजे हालचाल, म्हणून 'अथर्व' म्हणजे अविचल, असा अर्थ परंपरेने सांगितला जातो.

पहिला नव्हे, चौथा वेद

अथर्ववेद हा चार वेदांपैकी चौथा. त्याच्या 20 कांडांमध्ये रोगनिवारण, दीर्घायुष्य आणि घरसंसाराच्या सुखासाठीचे मंत्र आहेत.

मग गणपतीचा संबंध काय?

गणपती अथर्वशीर्ष हे अथर्ववेदाशी जोडलेलं उपनिषद. गणेशोत्सवात ते घरोघरी म्हटलं जातं. पुण्यात ऋषिपंचमीला दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर हजारो महिला त्याचं सामूहिक पठण करतात. त्यामुळेच 'अथर्व' म्हणजे गणपती, असा समज रुजला. नाव ऋषींचं असलं, तरी मराठी घरात त्याला बाप्पाची आठवण चिकटली आहे.

आजच्या पालकांना का आवडतं?

नाव जुनं असूनही जुनाट वाटत नाही. हाक मारायला छोटं, लाडाने 'अथू' म्हणायला सोपं. विदर्भाचा अथर्व तायडे, 2019 च्या 19 वर्षांखालील आशिया चषक फायनलमध्ये पाच बळी घेणारा मुंबईचा अथर्व अंकोलेकर अशा क्रिकेटपटूंमुळे ते मैदानावरही ओळखीचं झालं आहे.

नोंदणीआधी हे ठरवा

या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'ए' लावणारेही आहेत आणि न लावणारेही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग झालं, तर पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे ठरलेलेच. जन्मनोंदणी नावाशिवायही करता येते आणि नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतं. म्हणून घाई नको. अर्थ पटला की स्पेलिंगही घरात एकमताने ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.