घाटघरचे पाणी, पाइपातला गॅस आणि आपली भट्टी

नगर जिल्ह्यातील एखाद्या बेकरीवाल्याला त्याच्या धंद्याचा खर्च विचारा. मैद्याचा भाव तो पैशापर्यंत सांगेल, तुपाचा सांगेल, कारागिराचा पगार सांगेल. पण इंधनाचे विचारले की "लाकूड आहे, थोडी वीज आहे, सिलिंडर आहे" एवढेच उत्तर मिळते. एका घाणीमागे भट्टीला किती रुपयांची उष्णता लागली याचा हिशोब फार थोड्यांकडे असतो. आजवर त्यावाचून चालून गेले. पुढे चालेल असे आम्हांला वाटत नाही, आणि म्हणूनच या वेळी हा विषय घेतला आहे.

कारण मुंबईतून आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या प्रदूषणासंबंधीच्या सुनावणीत लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जावे असा आदेश दिला. महापालिकेने नोटिसा काढल्या आणि पावाच्या धंद्यातील पिढीजात मंडळींची एकच धावपळ उडाली. हा आदेश मुंबईपुरता आहे, नगरला तो लागू नाही. पण जे आज मुंबईत होते ते दहा वर्षांत जिल्ह्याच्या गावी येते, हा अनुभव काही नवा नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्यात लाकडाऐवजी काय मिळू शकते, ते कोठून येते आणि त्याची किंमत कोण ठरवतो, हे आधीच पाहून ठेवलेले बरे.

प्रथम विजेचे पाहू. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये सरकारदरबारी अहिल्यानगर झाले, लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे. या एवढ्या मोठ्या जिल्ह्यात महानिर्मितीचे कोळशावरचे एकही केंद्र नाही. जवळचे म्हणजे नाशिकजवळचे एकलहरे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर पुढे दोन लहान वीजघरे उभी राहिली. दोन्ही मिळून पन्नास मेगावॉटच्या आतबाहेरचा कारभार, आणि तोही खाली शेतीला पाणी सोडायचे असेल तेव्हाच. पारनेरच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत. राळेगणसिद्धीला शेतीपंपांसाठी सौरऊर्जेचा प्रकल्प झाला. साखर कारखाने उसाच्या भुशावर, म्हणजे बगॅसवर, हंगामात वीज करतात. ऊस गाळला की त्याच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याहून अधिक बगॅस निघते. ती जाळून कारखाना स्वतःचे भागवतो व उरलेली वीज विकतो. हंगाम संपला की हे काम पुष्कळसे थंडावते.

या सर्वांत आम्हांला सर्वांत विलक्षण वाटतो तो अकोले तालुक्यातील घाटघरचा प्रकल्प. जलसंपदा विभागाने जपानी कर्जाच्या साहाय्याने तो बांधला, २००८ साली सुरू झाला आणि महानिर्मिती तो चालवते. सह्याद्रीच्या माथ्यावर प्रवरेच्या खोऱ्यात एक जलाशय, कड्याखाली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात दुसरा. मध्ये चारशे मीटरहून अधिक उतार आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॉटची दोन यंत्रे, एकूण २५० मेगावॉट. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज करावयाची आणि मागणी कमी झाली की तीच यंत्रे उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवावयाचे. धरणासाठी जे दाबून बसवलेले कोरडे काँक्रीट वापरले, त्याचा भारतातील पहिला प्रयोग येथेच झाला.

वाचक म्हणतील, पाणी वर चढवायला वीज लागते, मग यात मिळाले काय? प्रश्न रास्त आहे. चार युनिट खर्चावे तेव्हा सुमारे तीन परत मिळतात. उघड तोटा! पण व्यापाऱ्याला हे समजणे कठीण जाऊ नये. स्वस्ताईत कांदा घेऊन चाळीत साठवणारा शेतकरीसुद्धा जाणतो की चाळीत थोडा माल सडणारच, तरी टंचाईत भाव मिळाला तर सडल्यासकट परवडते. घाटघर ही विजेची कांदाचाळ आहे. पूर्वी रात्री वीज पडून असे तेव्हा पाणी वर चढवीत व संध्याकाळी सोडीत. आता सौरऊर्जा वाढल्यामुळे भर दुपारी वीज जास्त होऊ लागली आहे आणि सूर्य मावळला की एकदम ओढाताण. म्हणून जे वापरकर्ते आपले काम दुपारकडे सरकवू शकतील त्यांना पुढील काळात फायदा होण्याचा संभव अधिक. बेकरीचे काम मात्र पहाटेचे. येथे जरा अडचण आहे.

वीज सभासदांची, पण वीजघर नाही

नगर जिल्ह्याने या क्षेत्रात एक धाडसी प्रयोग केला होता, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि देशात सुरुवातीला ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांतील एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी. श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि शेजारच्या तालुक्यांचे काही भाग तिच्याकडे होते. खांब तिचे, तारा तिच्या, मीटर तिचे, ग्राहकच सभासद. ज्या जिल्ह्याने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा करून दाखवला, त्याला ही कल्पना नवी नव्हती.

पण साखर कारखाना आणि वीज संस्था यांत एक मोठा फरक होता. कारखान्याचा कच्चा माल सभासदाच्या शेतात होता. वीज संस्थेचा माल मात्र मंडळाकडून विकत घ्यावा लागे. घाऊक दर मंडळाकडून येणार, किरकोळ दर शेतीपंपाला परवडेल एवढाच ठेवावा लागणार, आणि मध्ये गळती व थकबाकी. अशा दुकानाचे काय होते ते किराणा व्यापाऱ्याला सांगावयास नको. मंडळाचे, आणि २००५ मध्ये त्याचे विभाजन झाल्यावर महावितरणचे, येणे वाढत गेले. दोन्ही बाजूंचे दावे-प्रतिदावे झाले व रक्कम दोन हजार कोटींच्या पलीकडे पोहोचली. शेवटी वीज नियामक आयोगाने जानेवारी २०११ मध्ये निर्णय दिला आणि फेब्रुवारी २०११ पासून त्या भागातील वीजपुरवठा महावितरणकडे गेला. चूक कोणाची यावर अजून वाद आहे, आम्ही त्यात शिरत नाही. पण त्याच पाच संस्थांपैकी बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची व तेलंगणातील सिरसिल्ल्याची संस्था टिकून आहे. म्हणजे प्रयोग मुळातच खुळा होता असे म्हणता येत नाही.

आता गॅसचे

नैसर्गिक गॅसचा महाराष्ट्राशी संबंध मुंबई हायपासून. तेथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि तेलाबरोबर निघणारा गॅस प्रारंभी समुद्रातच जाळून टाकीत. तो वाया जाऊ नये म्हणून उरणला वीज केंद्र निघाले. १९८२ मध्ये तेथे पहिली यंत्रे फिरली. आज केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट आहे. त्यात १०८ मेगावॉटची चार यंत्रे थेट गॅसवर चालतात आणि त्यांच्या धुराच्या उष्णतेची वाफ करून १२० मेगावॉटची आणखी दोन यंत्रे फिरवली जातात. एकाच इंधनातून दोनदा काम. पण गॅस पुरेसा मिळत नसल्याने हे केंद्र पूर्ण ताकदीने क्वचितच चालते.

दाभोळची कथा सर्वांना ठाऊक आहे. एन्रॉनशी १९९३ मध्ये करार, १९९५ मध्ये रद्द, पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये नाफ्त्यावर वीज सुरू, २००१ मध्ये दर परवडेना म्हणून मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉन कंपनीच बुडाली. २००५ मध्ये एनटीपीसी व गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली. १,९६७ मेगावॉटचे ते केंद्र पुन्हा उभे राहिले तो कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील गॅसच आटला. इतका मोठा कारखाना आणि चुलीला जळण नाही. वीज केंद्र बांधणे आणि त्याला परवडणाऱ्या दरात गॅस मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राने फार महाग किंमत देऊन शिकून घेतले.

आता तोच गॅस वीज केंद्राऐवजी थेट घरात, गाडीत आणि भट्टीत न्यावयाचा, असे सरकारचे धोरण आहे. नगर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) हे दोन जिल्हे मिळून एक क्षेत्र धरले आणि ते भारत पेट्रोलियमच्या गॅस कंपनीला मिळाले. श्रीगोंद्याकडून वाळूजकडे जाणाऱ्या गॅसवाहिनीच्या कामाचा प्रारंभ २०२२ मध्ये झाला. शिवाय गेलची मुंबई-नागपूर वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने नेण्याची योजना आखली गेली, आणि तो महामार्ग आपल्या कोपरगाव तालुक्यातून जातो. सीएनजीचे पंप जिल्ह्यात दिसू लागले आहेत, रिक्षावाल्यांना त्याची गोडी लागली आहे. नळाची जोडणी मात्र गल्लोगल्ली पोहोचावयाची आहे. तेव्हा विचार करण्यास वेळ आहे.

धंदेवाल्याच्या उपयोगाचे काही ठोकताळे येथे देतो. एक घनमीटर नैसर्गिक गॅसमध्ये साधारण नऊ हजार किलोकॅलरी उष्णता असते. विजेच्या एका युनिटात ८६०. म्हणजे एक घनमीटर गॅस हा सुमारे दहा युनिट विजेबरोबर, किंवा अडीच किलो वाळलेल्या लाकडाबरोबर धरावा. व्यापारी सिलिंडर १९ किलोचा, त्यातील गॅस साधारण चोवीस-पंचवीस घनमीटर नळाच्या गॅसइतका. आपल्या गावचे चालू दर घालून हा भागाकार प्रत्येकाने स्वतः करावा. मात्र एक लक्षात ठेवावे. विजेची भट्टी बहुतेक उष्णता आत ठेवते, गॅसची थोडी धुराड्यातून जाते आणि लाकडाची तर बरीचशी. जुन्या विटांच्या भट्टीचा गुण असा की एकदा तापली की तास न् तास धग देते. तिला गॅसचा बर्नर बसवता येतो, पण सिलिंडरचा बर्नर तसाच चालत नाही. नळाच्या गॅसला छिद्र मोठे लागते. कोणी "तोच लावून टाकतो" म्हणाला तर त्याला वाटेला लावावे. हा गॅस हवेपेक्षा हलका आहे, गळला तर छताकडे जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून भट्टीच्या खोलीत झरोका वर हवाच, आणि सिलिंडरही असेल तर खालीसुद्धा.

कराची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. व्यापारी सिलिंडरवर जीएसटी आहे. नोंदणी असलेल्या आणि करपात्र माल विकणाऱ्यास त्याची वजावट मिळते. नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने तो एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, हे चांगले झाले. पण त्याची वजावट जीएसटीत नाही. साध्या पावावर मुळात कर नसल्याने निव्वळ पाववाल्याला वजावटीचा प्रश्नच येत नाही, त्याला नळाचा गॅस यामुळे सोयीचा पडावा. बिस्किटे व केक करणाऱ्याचा हिशोब वेगळा.

आणि भाव. देशात निघणाऱ्या स्वस्त गॅसवर पहिला हक्क घरगुती चुलींचा व सीएनजीचा आहे. हॉटेल, बेकरी, कारखाना यांच्या वाट्याला बहुधा आयात केलेला, जहाजाने आलेला महाग गॅस येतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा जगभर या गॅसचे भाव कसे भडकले ते सर्वांनी पाहिले. म्हणून शेजाऱ्याच्या घरच्या बिलावरून आपल्या भट्टीचा अंदाज बांधणारा फसेल.

सही करण्यापूर्वी करारात 'किमान उचल' नावाचे कलम आहे का ते जरूर वाचावे. ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी गॅस वापरला तरी पैसे त्या प्रमाणाचे भरावे लागतात, असा त्याचा अर्थ. आमच्या धंद्यांत वर्षाचे सर्व महिने सारखे नसतात. रमजानात हॉटेलची भट्टी दिवसभर थंड आणि संध्याकाळपासून सेहरीपर्यंत पेटलेली, बेकरीला मात्र श्वास घ्यायला सवड नाही. शिवाय हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. उचल महिन्यावर मोजणार की वर्षावर, हे विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी घ्यावे. एकट्या दुकानदाराचे कंपनी ऐकत नाही. एका पेठेतील पंधरा-वीस बेकरी व हॉटेलवाले मिळून गेले तर वाहिनी आधी कोणत्या रस्त्याने न्यावी यावरही बोलणे होऊ शकते, कारण खात्रीचे गिऱ्हाईक कंपनीलाही हवेच असते. मुकुंदनगर, सर्जेपुरा किंवा श्रीरामपूरच्या मंडळींनी असे अर्ज करावयाचे ठरवले तर प्रत्येक भट्टीचा सध्याचा महिन्याचा खप, लाकूड किलोत आणि सिलिंडर संख्येत, आजपासूनच वहीत टिपून ठेवावा. कंपनीचा माणूस आला की पहिला प्रश्न तोच विचारील.