दिवाळीनंतरची दुसरी साफसफाई

आळंदी : फराळाचे डबे रिकामे झाले, आकाशकंदील उतरले, की शहरांतील घरे वर्षभरासाठी निवांत होतात. आळंदीत मात्र नेमक्या त्याच सुमारास केरसुण्या पुन्हा बाहेर निघतात. पंढरपूरची कार्तिकी शुद्ध एकादशीला, तर आळंदीची वद्य एकादशीला. संत ज्ञानेश्वर महाराजांनी इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला येथे संजीवन समाधी घेतली. वद्य अष्टमीला महाद्वारात गुरू हैबतबाबांच्या पायरीचे पूजन होते आणि सोहळ्याला प्रारंभ होतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते आणि आळंदीची एकादशी १५ नोव्हेंबरला. म्हणजे दोन साफसफायांमध्ये अवघे पंचवीस दिवस!

या दुसऱ्या साफसफाईचे कारण निराळे आहे. दिवाळीची झाडलोट लक्ष्मीसाठी, ही माणसांसाठी. धर्मशाळा आणि मठ भरले, की वारकरी गावातल्या घरांत उतरतात. ठरावीक दिंडीने ठरावीक घरी उतरायचे, हा ऋणानुबंध पिढ्यानपिढ्यांचा असतो. पाच जण येणार म्हणून निरोप येतो आणि पंधरा जण ओसरीवर पथारी पसरतात. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. परंतु पंधरा माणसे, एक टाकी आणि एक शौचालय असा हिशेब मांडला, की कोळिष्टके काढण्यापेक्षा महत्त्वाची कामे कोणती, हे ध्यानात येते.

पहिले काम पाण्याचे. पाहुण्यांसाठी पिंपे, घागरी, बादल्या जे मिळेल ते भरून ठेवले जाते आणि तेथेच चूक होते. डेंगी पसरविणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि भांडे कोरडे पडले तरी काही महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसते ओतून पुन्हा भरणे उपयोगाचे नाही. आतली कड काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासावी, उन्हात वाळवावी आणि भरल्यावर फडके घट्ट बांधावे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात, ते याचसाठी.

गच्चीवरील टाकी तळापर्यंत उपसून गाळ काढावा, भिंती घासाव्यात, पहिले पाणी सोडून द्यावे. पिण्याच्या पाण्यासाठी चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर वापरायची, तर हजार लिटरला अडीच ग्रॅमचे प्रमाण सांगितले जाते. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीभर पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटे ठेवावी, चुना तळाशी बसला की वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे आणि तासभर थांबून मगच पाणी वापरावे. पुडी उघडी राहिली, की तिच्यातील क्लोरीन उडून जातो. गतवर्षीची अर्धी पुडी माळ्यावरून काढून वापरणे म्हणजे केवळ समाधान.

यापुढचा मुद्दा जिवाशी आहे. शौचालय चकचकीत व्हावे म्हणून आधी ब्लिचिंग पावडर भुरभुरायची आणि त्यावर ॲसिड ओतायचे, असा प्रकार घरोघरी आढळतो. दोन्ही स्वच्छतेचीच द्रव्ये असल्याने दुप्पट स्वच्छता होईल, असा समज असतो. प्रत्यक्षात त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर शस्त्र म्हणून सोडला गेला तो हाच वायू. दार लोटलेल्या अरुंद शौचालयात तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. एका वेळी एकच द्रव्य वापरावे आणि भरपूर पाणी ओतल्याखेरीज दुसऱ्याला हात लावू नये. डोळे चुरचुरू लागले, ठसका लागला, तर काम तसेच टाकून मोकळ्या हवेत यावे आणि त्रास थांबला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

ॲसिडची आणखी एक खोड आहे. जुन्या घरांतून शहाबादी फरशी असते, ओट्याला कडाप्पा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडले, की फेस येतो आणि डाग निघाल्यासारखा वाटतो. वस्तुतः दगडच झिजत असतो. खडबडीत झालेली फरशी पुढे अधिक मळ धरते. संगमरवरी देव्हाऱ्यावर लिंबू चोळणेही याच कारणाने टाळावे. चिंच-लिंबाचा मान तांब्या-पितळेच्या भांड्यांना. तेथे आम्ल धातूवरील काळा थर विरघळवते, म्हणून समई उजळते.

झाडलोट नेहमी वरून खाली करावी, हे गृहिणींना सांगायला नको. एवढेच सुचवावेसे वाटते, की कोरड्या केरसुणीने धूळ जमिनीवरून उठून हवेत जाते आणि तासाभराने पुन्हा खाली बसते. चाकणच्या रस्त्यावरील अवजड वाहनांनी उडविलेली बारीक धूळ तर फार वेळ तरंगते. आधी ओले फडके, मग झाडू, हा क्रम बरा. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्याला या दिवशी शेजारी बसवावे. माळ्यावरच्या गाद्या-गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म कीटक असतात. डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्याच त्वचेच्या कोंड्यावर जगतात. गोधड्या घराबाहेर झटकून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात; उशांचे अभ्रे साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुतले, तर हे कीटक मरतात.

हे सारे धुतलेले पाणी जाते कोठे? लोणावळ्याच्या परिसरात उगम पावून देहूवरून आळंदीस येणारी इंद्रायणी अलीकडच्या वर्षांत वारंवार पांढऱ्या फेसाने भरलेली दिसली आहे. नागरी आणि औद्योगिक सांडपाणी हे त्यामागचे मोठे कारण. एका घरातल्या साबणाच्या चुऱ्यावर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि त्या फेसाचे आणि आपल्या बादलीतल्या फेसाचे नाते अगदीच परके नाही. पाहुणा ज्या नदीत स्नान करण्यासाठी आलेला असतो, त्याच नदीकडे गटारही जात असते. चुरा मोजून घ्यावा, उरलेले ॲसिड मोरीत ओतून देऊ नये. बाटली बूच लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

दिंडी परतीला लागली, की दमलेले घर दोन दिवस झोपते. तेवढ्यातच एक काम राहून जाते. अर्धी भरलेली पिंपे तशीच मागे उरतात. ती त्याच दिवशी उपसून, घासून, पालथी घालावीत.