प्रश्न, कोष्टक आणि दृश्य

१९७० साली आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, असे सुचविले. १९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी त्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा सिद्ध केली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. कोणता ग्रंथ बाहेर गेला आहे, हे सर्वांस कळावे. परंतु तो कोणी नेला, ही वाचकाची खासगी बाब होय. यासाठी बाहेर असलेल्या ग्रंथांचे नाव व परतीची मुदत एवढेच निवडणारा प्रश्न नाव देऊन जतन करतात. त्यास ‘दृश्य’ म्हणतात. दृश्यात सामान्यतः माहितीची नक्कल नसते. पाहतेवेळी उत्तर मूळ कोष्टकांतूनच तयार होते. म्हणून ग्रंथ परत आल्याची नोंद होताच तो यादीतून गळतो. लोकांस दृश्याचा अधिकार द्यावा, मूळ कोष्टकांचा देऊ नये. म्हणजे वाचकाचे नाव झाकलेले राहते.