जुळीं जनुकें आणि मेंदूची घडण

मनुष्याच्या यकृतांतील पेशी आणि मेंदूंतील पेशी यांजवळ जनुकांचा संग्रह बहुतेक एकच असतो. असें असतां एक पित्त निर्माण करते आणि दुसरी विचाराला साह्य करते, हें कसें? उत्तर असें कीं, प्रत्येक पेशींत सर्वच जनुकें जागीं नसतात. कांहीं कार्य करूं लागतात. बाकीचीं निद्रिस्त राहतात. या जागृतीस शास्त्रज्ञ ‘अभिव्यक्ति’ म्हणतात.

ही जागृति योग्य वेळीं होणें किती महत्त्वाचें आहे, हें सस्तन प्राण्यांतील ‘एन्ग्रेल्ड’ नांवाच्या दोन भावंड-जनुकांवरून उत्तम प्रकारें दिसून येतें. एकाच पूर्वज-जनुकाच्या द्विगुणनानें हीं दोन झालीं. त्यांच्यापासून बनणारीं प्रथिनें इतर जनुकांना चालना देतात अथवा आवरून धरतात. उंदराचा गर्भ सुमारें आठ दिवसांचा झाला, म्हणजे मध्यमेंदू व पश्चमेंदू जेथें मिळतात त्या पट्ट्यांत पहिलें जनुक जागें होतें. दुसरेंही त्याच ठिकाणीं जागें होतें, पण कांहीं तास मागाहून.

डॉ. अलेक्झांड्रा जॉयनर व त्यांचे सहकारी यांनीं या जनुकांवर प्रयोग केले. दुसरें जनुक निकामी केलें, तेव्हां उंदीर जगले. केवळ शरीराचा तोल व हालचाल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या घड्यांत थोडा फरक पडला. हा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. पहिलें निकामी केलें, तेव्हां मात्र लहान मेंदू जवळजवळ घडलाच नाहीं, आणि पिलें बहुधा जन्मानंतर एका दिवसांत मेलीं. हें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें.

मग पहिलें श्रेष्ठ आणि दुसरें कनिष्ठ, असें समजावयाचें काय? १९९५ सालच्या प्रयोगानें या शंकेचें निरसन केलें. पहिल्याचा नियामक भाग तसाच ठेवून त्याच्या जागीं दुसऱ्याचा मजकूर बसविण्यांत आला. पिलें जगलीं; त्यांचा मेंदूही नीट घडला! दुसऱ्या नटाला भूमिका मुखोद्गत होती. त्याचा रंगभूमीवरील प्रवेश तेवढा उशिरा ठेवलेला होता.

पुढें १९९८ सालीं फळमाशीचें तत्सम जनुक त्याच जागीं घातलें असतां त्यानेंही मेंदूच्या या भागाची घडण साधली. माशी आणि उंदीर यांचे वंश विभक्त होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षें लोटलीं आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या साम्याचें नवल वाटतें. तथापि उंदराच्या पायांची घडण मात्र माशीच्या जनुकाला साधली नाहीं. म्हणजे मजकुरांतील भेद अगदींच निरर्थक नव्हे.

अमुक गुणाचें अमुक जनुक, असें सरसकट बोलण्याची प्रथा आहे. तें जनुक कोठें आणि केव्हां जागें होतें, हें विचारल्यावांचून तें विधान अपुरेंच राहतें. गर्भाच्या मेंदूला योग्य द्रव्य तर हवेंच. परंतु तें वेळेवर मिळालें पाहिजे.