पाच फर्मे

देवरी तालुक्यातल्या चिचगडला बसून पुस्तकं काढायची म्हणजे छापखाना नागपूरला, दुकानं त्याही पलीकडे आणि आपल्या हाती उरतात ती प्रूफं. खरं काम तिथंच असतं म्हणा.

सध्या टेबलावर झाडीबोलीतला कवितासंग्रह आहे. पहिल्या प्रूफात ‘डोरा’चा ‘डोळा’ झालेला, ‘पानी’चं ‘पाणी’. अक्षरजुळणीवाल्यानं फोनवर खुशीत सांगितलं, “भाऊ, शुद्धलेखनाच्या चुका काढून टाकल्या ना जी!” झाडीबोलीत ळ आणि ण नाहीतच. लाल पेन घेऊन एकेक ‘चूक’ परत घातली. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून ठेवलाय, त्यामुळे जुळणीवाल्याला समजावताना हातात आधार तरी होता.

मग पानांचं गणित. डेमीचा फर्मा 16 पानांचा. मजकूर गेला 83 वर. एक तर तीन पानं कमी करून पाच फर्म्यांत बसवा, नाहीतर अर्धा फर्मा वाढवून पाच पानं कोरी सोडा. कवी म्हणाला, सोडा कोरी. कागदाचं बिल त्याच्या नावावर येत नाही! शेवटी प्रस्तावना काढली. नेमकी तीन पानांची होती आणि कवितांना तिची काही गरज नव्हती.

असले हिशेब करताना एक प्रकाशक आठवतो. अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनानं 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं आणि त्याच कवीची ‘भिजकी वही’ 2003 मध्ये. तिला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंचवीसेक वर्षं एका कवीसाठी थांबणाऱ्याला धंदा कळत नाही, असं कुणी म्हणेल. मला तरी प्रकाशक म्हणून तोच पटतो.

छापून झालं की 1954 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत एक प्रत स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला. बाकी गिऱ्हाइकांसाठी मे 2025 पासून टपाल खात्याचं ‘ज्ञान पोस्ट’ आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा. पातळ पुस्तकाला ते परवडतं. दुकानदाराची 40 टक्के सूट मात्र परवडत नाही. म्हणून दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत टेबल लावणार. तिथं रात्रभर नाटक बघायला माणूस तिकीट काढतोच. पुस्तकाची किंमत त्या तिकिटाएवढीच ठेवायची ठरवलीय. कवीला अजून सांगितलेलं नाही.